सही कुणाची, उड्डाण कुणाचं: नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री



मी वैमानिक आहे. प्रवासी विमानं उडवायला लागून पंचवीस वर्षं होऊन गेली. गेली आठ-नऊ वर्षं नव्या सहवैमानिकांच्या निवड मंडळावरही असते. आपण पुण्याचे, मराठीत वाचणारे, म्हणून हे पत्र मराठीत लिहिते आहे. खुलं अशासाठी की ज्या घरांतून मुलंमुली या क्षेत्रात येताहेत, तिथल्या आईवडिलांनाही ही गोष्ट कळावी. मुलाखतीच्या आदल्या रात्री पोरगा वहीत कसले आकडे उतरवत बसलाय, हे त्यांना कोणी सांगत नाही.

विषय लॉगबुकाचा आहे. आमच्याकडे प्रत्येक वैमानिकाचं स्वतःचं लॉगबुक असतं. कुठल्या तारखेला, कुठल्या विमानावर, कुठून कुठे, किती वेळ, दिवसा की रात्री, स्वतः कमांडर म्हणून की कुणाच्या हाताखाली, अशी प्रत्येक उड्डाणाची एक ओळ. विमान नियम १९३७ मधला ६७अ हा नियम त्याच्याविषयीचा. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, त्यांतले १०० स्वतः कमांडर म्हणून, ५ तास रात्रीचे, १० तास नुसत्या उपकरणांकडे बघून उडवलेले. हे सगळं सिद्ध होतं ते याच ओळींच्या बेरजेवर. नोकरीच्या मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न येतो, "लॉगबुक आणलंय?" आणि आज त्या प्रश्नाचा नेमका अर्थ काय, हे विचारणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. वही? टॅब्लेटवरचं अ‍ॅप? की नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या ई-जीसीए संकेतस्थळावरची नोंद?

कागदाची वही मला परकी नाही. माझं पहिलं एकटीनं केलेलं उड्डाण १९९३ सालचं, वीस मिनिटांचं, धावपट्टीभोवती एक फेरी आणि उतरणं. कमांडरच्या रकान्यात मी पहिल्यांदा 'सेल्फ' लिहिलं तेव्हा अक्षर इतकं हललं होतं की प्रशिक्षकांनी सही करताना हसून वर पाहिलं. ती ओळ मी वडिलांच्या शाईच्या पेनानं लिहिली होती. तेव्हा सगळं त्याच पेनानं लिहायची, निळ्या शाईनं. चूक तिथेच झाली.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहत होतो. मी त्या वेळी मुंबईत नव्हते. तिसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा भिंतीवर छातीइतक्या उंचीला चिखलाची रेघ होती आणि कपाटाच्या खालच्या फळीवरची माझी पहिली दोन लॉगबुकं फुगून पावासारखी झाली होती. सासूबाईंनी आणि मी ती पानं उलथन्याच्या टोकानं एकेक करून सोडवली, मध्ये टिपकागद घातले, वर टाल्कम पावडर भुरभुरली, दोन दिवस पंख्याखाली वाळवली.

वाळल्यावर जे दिसलं ते विसरता येत नाही. माझी शाई धुऊन गेली होती. ओळीच्या ओळी, फिकट निळा ढग. पण प्रशिक्षकांच्या सह्या बॉलपेनच्या होत्या, त्या जशाच्या तशा. खाली फ्लाइंग क्लबचा शिक्का जांभळा पसरलेला, तरी वाचता येणारा. म्हणजे पानभर सह्या होत्या आणि त्यांच्यापुढे उड्डाणं नव्हती. कुणीतरी काहीतरी खरं असल्याची ग्वाही देत होतं आणि ते काहीतरी पाण्यात गेलं होतं.

पुढे त्या नोंदी पुन्हा उभ्या करायला सात महिने लागले. क्लबच्या नोंदवह्या कुणा एका कपाटात होत्या, किल्ली दुसऱ्याकडे होती, माझे प्रशिक्षक वारले होते. शेवटी अकरा तास चाळीस मिनिटं मला कधीच सिद्ध करता आली नाहीत. तोपर्यंत माझे हजारो तास झाले होते, त्यामुळे बिघडलं काही नाही. पण २०५ तासांवर पहिल्या मुलाखतीला निघालेल्या मुलीच्या वहीतून तेवढे तास गेले असते, तर ती दारातूनच परत गेली असती.

त्यामुळे इलेक्ट्रॉनिक नोंद हवी, हे मला कुणी पटवून द्यावं लागलं नाही. पुराचं पाणी सर्व्हरपर्यंत पोचत नाही.

आता दुसरी बाजू. काही महिन्यांपूर्वी आमच्यापुढे सांगोल्याकडचा एक मुलगा आला. वडिलांनी डाळिंबाची बाग गहाण टाकून त्याला फ्लोरिडात शिकायला पाठवलं होतं. तिथे लॉगबुक अ‍ॅपवर ठेवणं सर्रास चालतं. प्रशिक्षक विमानातून उतरला की विद्यार्थ्याच्या टॅब्लेटवर बोटानं सही करतो, स्वतःचा प्रमाणपत्र क्रमांक घालतो, नोंद कुलूपबंद होते. अमेरिकी नियमात लॉगबुक अमुकच आकाराचं असावं असा आग्रह नाही. तिथल्या यंत्रणेला मान्य होईल अशा पद्धतीनं नोंद ठेवली की झालं. या मुलाची प्रत्येक नोंद तशी सहीबंद होती. भारतात परतल्यावर परवाना बदलून घेताना तिकडच्या यंत्रणेकडून त्याची पडताळणीही झालेली होती.

आमच्या यादीत मात्र लिहिलं होतं: मूळ लॉगबुक, हस्तलिखित, प्रत्येक पानावर शिक्का. कागदपत्र तपासणाऱ्यांनी त्याला बाजूला काढलं. मंडळावर मी होते. नियम आहे म्हणून मीच त्याला सांगितलं, "बाळा, वही घेऊन ये." सोमवारपर्यंतची मुदत दिली.

सोमवारी तो आला. डोळे लाल. अंधेरीतल्या एका लॉजवर तीन रात्री बसून त्यानं दोनशे चाळीस ओळी टॅब्लेटवरून कोऱ्या वहीत उतरवल्या होत्या. मग जिथे परवाना बदलण्यापुरतं थोडं उडाला होता, त्या इथल्या प्रशिक्षण संस्थेत जाऊन प्रत्येक पानावर शिक्का आणि सही आणली होती. ज्यानं सही केली त्या माणसानं फ्लोरिडाचं आभाळ पाहिलेलं नाही. त्या उड्डाणांपैकी एकही त्यानं पाहिलेलं नाही. तरी आम्ही ती वही घेतली, उलटली, टिकमार्क केली आणि पोराला पुढच्या फेरीत पाठवलं.

साहेब, त्या दिवसापासून मला चैन नाही. ज्या प्रशिक्षकानं उड्डाण पाहिलं त्याची सही आम्ही नाकारली, कारण ती पडद्यावर होती. ज्यानं काहीच पाहिलं नाही त्याची सही घेतली, कारण ती कागदावर होती. माझ्या भिजलेल्या वहीत सह्या खऱ्या होत्या आणि उड्डाणं धुऊन गेली होती. या मुलाच्या वहीत उड्डाणं खरी होती आणि सही पोकळ. आम्ही, निवड करणाऱ्यांनी, एका प्रामाणिक मुलाला त्याच्या नोकरीच्या पहिल्याच पायरीवर शिकवलं की सही म्हणजे मिळवायची वस्तू.

ही सवय किती महाग पडते ते या देशानं पाहिलं आहे. २०११ च्या जानेवारीत गोव्याच्या धावपट्टीवर एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर आपटून उतरलं. चौकशीचा धागा मागे मागे जात राहिला आणि विमानाच्या कॅप्टनचा वरिष्ठ परवानाच बनावट गुणपत्रिकेवर काढलेला असल्याचं मार्चमध्ये बाहेर आलं. देशभर परवान्यांची तपासणी सुरू झाली. त्यातच राजस्थानातलं एक प्रकरण उघडकीस आलं, तिथे उड्डाणाचे तासच खोटे लिहिलेले होते. आमच्या बोलीत अशा तासांना 'पार्कर पेनचे तास' म्हणतात. विमान हँगरमध्ये उभं, पेन मात्र हवेत.

असे तास पकडायचे कसे? एका विमानाची हालचाल एकाच ठिकाणी नोंदली जात नाही. विद्यार्थ्याच्या वहीत, विमानाच्या स्वतःच्या लॉगबुकात, क्लबच्या उड्डाण परवानगीच्या नोंदवहीत, इंधन दिल्याच्या पावतीत, टॉवर असेल तर टॉवरच्या नोंदीत, अशा पाच ठिकाणी ते उड्डाण आपली खूण सोडतं. खोटं लिहिणारा वही सांभाळतो, बाकीच्या चार जागा विसरतो. कागदावर ही पाच चोपडी एकत्र मांडून बघणं म्हणजे तपास अधिकाऱ्याचे महिने. इलेक्ट्रॉनिक नोंदीत हे क्षणात व्हायला हवं. एकच सेस्ना विमान एकाच वेळी दोन विद्यार्थ्यांच्या नावावर उडत असेल, किंवा दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेल्या विमानावर कुणी दीड तास लावला असेल, तर ती ओळ लाल व्हावी. ई-लॉगबुकाचं खरं मोल यात आहे. फोनवर सुबक दिसण्यात नाही.

आपल्या मंत्रालयानं या दिशेनं पावलं टाकली आहेत, हे मी मोकळेपणानं मान्य करते. ई-जीसीए २०२१ मध्ये आलं. २० फेब्रुवारी २०२५ ला वैमानिकांचा इलेक्ट्रॉनिक परवाना सुरू झाला आणि चीननंतर असा परवाना देणारा भारत दुसरा देश ठरला. १९२९ च्या फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटांना क्रमांक १ चा परवाना मिळाला, त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी तो परवाना खिशातून फोनमध्ये गेला. ई-जीसीएवर ई-लॉगबुकाचीही सोय आहे. पण मुलाखतीच्या दालनात अजून सगळ्यांची पाठीवरची पिशवी जड असते. परवाना फोनमध्ये, आणि तो ज्या तासांवर मिळाला ते तास तीन ठिकाणी, तीन तऱ्हांनी.

या तीन तऱ्हांमुळे काय होतं, ते जवळून सांगते. आपल्याकडे वेळ तास आणि मिनिटांत लिहितात. परदेशी अ‍ॅप बहुधा दशांशात लिहितं. एक तास वीस मिनिटांचं उड्डाण म्हणजे दशांशात १.३३, आणि अ‍ॅप एकच अंक ठेवत असेल तर १.३. अशी दीडशे उड्डाणं केलेल्या विद्यार्थ्याचे खरे तास बरोबर २००. अ‍ॅपच्या बेरजेत १९५. पाच तास कुठेही न चोरता हरवले, आणि परवान्याची अट आहे २०० ची. उलटही होतं. सव्वा तासाचं उड्डाण १.२५ वरून १.३ झालं की प्रत्येक वेळी तीन मिनिटं फुकट वाढतात. समोर बसलेल्या माणसाला दोन बेरजा जुळत नाहीत एवढंच दिसतं, आणि त्याच्या मनात पहिली शंका येते ती पार्कर पेनचीच.

तीच गत तारखांची. मुंबईहून पहाटे चार वाजता निघालेलं विमान जागतिक प्रमाणवेळेत आदल्या रात्री साडेदहाला निघालेलं असतं. वहीत १२ तारीख, अ‍ॅपमध्ये ११. दोन्हीकडून नोंदी एकत्र करताना एकच उड्डाण दोनदा मोजलं जातं, किंवा कुणी सावधपणे एक खोडायला जातो आणि नेमकं दुसरंच खरं उड्डाण पुसून टाकतो. पाच हजार तासांच्या कॅप्टनला हे निस्तरायला वेळ असतो. मुलाखतीच्या आदल्या रात्री लॉजवर बसलेल्या मुलीला नसतो.

इतकं सगळं म्हणून झाल्यावर मी कागदाच्या बाजूनं बोलले तर आपल्याला विसंगत वाटेल. पण ते बोलायला हवं, कारण कागद काय देतो हे मुलाखत घेणाऱ्याला ठाऊक असतं.

वही हातात आली की मी बेरीज शेवटी बघते. आधी पानं बघते. चार महिन्यांची उड्डाणं एकाच पेनानं, एकाच झोकात, एकही खाडाखोड नसलेली दिसली की मी थांबते. ती वही एका बैठकीत लिहिलेली असते. खरी वही वेडीवाकडी असते. मध्येच पेन बदललेलं असतं, चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारून बाजूला आद्याक्षरं घातलेली असतात, मूळ आकडा वाचता येतो. कुठे चहाचा डाग, कुठे उन्हाळ्यातल्या घामानं चिकटलेला कोपरा. आणि शेरे. शेऱ्याच्या रकान्यातच वैमानिक भेटतो.

मागच्या वर्षी एका मुलीच्या वहीत धुळे ते जळगाव अशी ओळ होती आणि पुढे शेरा: 'हवामान, परत'. तेवढेच दोन शब्द. मी विचारलं, "का फिरलीस?" ती म्हणाली, "मॅडम, अमळनेरच्या पुढे ढग खाली आले होते. खाली तापीचं पात्र दिसत होतं तोवर मी गेले. पात्र दिसेनासं झालं तेव्हा वळले." मी म्हटलं, "जळगाव तर पुढ्यातच होतं की." ती म्हणाली, "हो, पण मला ते दिसत नव्हतं." बाकीच्या मुलाखतीत तिला आम्ही काय विचारलं ते आठवत नाही. माझ्यापुरता निर्णय त्या ओळीवर झाला होता.

हा शेरा अ‍ॅपमध्येही लिहिता येतो, हे मला माहीत आहे. पण फार थोडे लिहितात. अ‍ॅप तारीख, वेळ, विमानतळ आपोआप भरतं, आणि जे आपोआप भरलं जात नाही ते रिकामं राहतं. महिनाअखेर हातानं ओळी लिहिताना मनातून ती उड्डाणं पुन्हा एकदा होतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. म्हणून मी शिकवते त्या मुलांना सांगते, वही ठेवा. पण ती तुमच्यासाठी ठेवा. मुलाखतीला आवडीनं घेऊन या, आम्ही आवडीनं बघू.

पुरावा म्हणून मात्र एकच नोंद असावी, आणि ती महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरची असावी. तिच्यावर सही त्याची, ज्यानं उड्डाण पाहिलं किंवा ज्याच्याकडे त्याची मूळ नोंद आहे. माझी विनंती एवढीच आहे की हे आपण लेखी करून घ्यावं. महासंचालनालयानं साध्या भाषेत एक परिपत्रक काढावं: ई-लॉगबुकात मंजूर झालेला तास कोणत्याही विमान कंपनीनं मुलाखतीत पुन्हा शिक्क्यानिशी मागू नये. परदेशी उड्डाणांची पडताळणी परवाना बदलताना एकदा झाली की ती तिथेच, मूळ सहीसकट, कायमची नोंदली जावी. न पाहिलेल्या उड्डाणावर सही करणाऱ्याला आणि ती मागणाऱ्यालाही जबाबदार धरावं. आम्हा मंडळांनाही यातून सोडू नका. मी त्या सोमवारी जे केलं ते करायची सोयच उरू नये.

काही बारकावे आहेत, पण ते राहिले तर बाकीचं फुकट जाईल. दुरुस्ती करता आली पाहिजे, पण जुना आकडा पुसला जाता कामा नये. वहीतल्या आडव्या रेघेसारखा तो मागे दिसत राहावा, कुणी, कधी, का बदलला यासह. नोंद तास-मिनिटांत साठवावी, आणि स्थानिक वेळ व जागतिक वेळ दोन्ही एका ओळीत दिसाव्यात. प्रशिक्षण संस्था बंद पडते तेव्हा तिची कपाटं कुठे जातात हा प्रश्न विद्यार्थ्यावर सोडू नये. दाराला कुलूप लागण्याआधी तिच्या नोंदी महासंचालनालयाकडे जमा व्हाव्यात. आणि वैमानिकाला स्वतःची संपूर्ण नोंद, डिजिटल सहीसकट, हवी तेव्हा विनामूल्य उतरवून घेता आली पाहिजे. खासगी अ‍ॅपची वर्गणी संपली की माणसाचे तास त्याच्यापासून दूर होतात, हे बरोबर नाही. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान उतरलं तेव्हा माझ्या दोन मैत्रिणी घरी बसल्या. दुसऱ्या कंपनीत अर्ज करताना दोघींनी आधी हात घातला तो आपापल्या लॉगबुकाला. कंपनी राहील न राहील, ती नोंद वैमानिकाची आहे.

जुन्या वह्यांचंही बघावं लागेल. माझ्यासारख्यांचे हजारो तास कागदावर आहेत, ते सगळे उतरवायला सांगितलं तर पुन्हा लॉजवरच्या तीन रात्रीच होतील. त्यापेक्षा एक तारीख ठरवावी. त्या तारखेपर्यंतची बेरीज वैमानिक सध्या जिथे आहे त्या कंपनीनं किंवा संस्थेनं एकदाच प्रमाणित करावी, पानांची छायाचित्रं जोडावीत, आणि तिथून पुढे प्रत्येक ओळ इलेक्ट्रॉनिक.

बारामती, धुळे, जळगाव, गोंदिया, नागपूर इथल्या धावपट्ट्यांवर आज जी पोरं सकाळी सहाला विमानाच्या पंखावर चढून इंधन मोजताहेत, त्यांच्या घरांनी पन्नास-पन्नास लाख या शिक्षणात घातले आहेत. त्यांचे तास खरे आहेत. ते खरे आहेत हे दाखवायला त्यांना कुणाच्या शिक्क्यामागे फिरावं लागू नये.

सांगोल्याच्या त्या मुलाची निवड झाली. प्रशिक्षण संपलं की तो सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत बसेल. त्यानं लॉजवर लिहिलेली वही आमच्या फायलीत छायाप्रत म्हणून आहे. टॅब्लेटवरची मूळ नोंद, ज्यात त्याच्या फ्लोरिडाच्या प्रशिक्षकाची बोटानं काढलेली वाकडी सही आहे, ती आमच्या फायलीत नाही. आपण पुण्यात असाल तेव्हा अर्धा तास दिलात तर मी येईन. ती छायाप्रत मला आणता येणार नाही, ती माझी नाही. पण कलिन्याच्या पुरातली माझी वही घेऊन येईन. तिचं एक पान आपल्याला दाखवायचं आहे, ज्यावर अठरा सह्या आहेत आणि एकही उड्डाण नाही.

आपली विश्वासू,
मुंबईतली एक वैमानिक